कमिशनरसाहेबांची पाहणी

२८ जून

आजपासून रोज लिहायचं. खोटं नाही, फुगवून नाही. ही वही कपाटात राहील, कोणाला दाखवायची नाही. पण पुढे-मागे युनिव्हर्सिटीचा इतिहास कोणी लिहायला घेतलाच तर त्याची पंचाईत व्हायला नको. म्हणून नोंद: मी डेल ब्रुंगार्ट, वेस्टर्न प्रेअरी स्टेट युनिव्हर्सिटीचा क्रीडा संचालक.

सकाळी युनिव्हर्सिटीच्या प्रेसिडेंट ओडेगार्डबाईंकडे गेलो. बाई केमिस्ट्रीच्या. त्यांना कॉन्फरन्स म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगावं लागलं. दहा-अकरा युनिव्हर्सिट्यांनी मिळून केलेला गट. गटातल्यांनी आपापसांत खेळायचं. वेळापत्रक तयार मिळतं, शेवटी करंडक. गटाबाहेर राहिलं तर दारोदार खेळता का, खेळता का, असं विचारत हिंडायचं. बाई म्हणाल्या, मग आहे तो गट काय वाईट आहे?

इथेच आमचं घोडं अडतं. आम्ही आहोत बफेलो ग्रास कॉन्फरन्समध्ये. नावातच गवत. टीव्हीवर कोणी दाखवत नाही, पेपरात शेवटच्या पानावर. आणि सरकार अनुदान देताना नाव बघतं. मोठ्या युनिव्हर्सिट्यांना ताट वाढून मिळतं, आमच्यासारख्या छोट्यांनी पातेलं खरवडायचं. सिल्व्हर प्लेन्स कॉन्फरन्समध्ये शिरलो की नाव होईल, नाव झालं की पोरं येतील, पोरं आली की अनुदान. इतकं सरळ आहे.

बाईंनी विचारलं, सिल्व्हर प्लेन्सचं बोलावणं आलंय का? म्हटलं, आल्यातच जमा आहे.

३० जून

बफेलो ग्रास सोडत असल्याचं कळवलं. त्यांचा नियम असा की तीस जूनच्या आत सांगितलं तर पुढच्या जुलैपासून सुखाने जाऊ देतात. उशीर झाला तर दंड. म्हणजे मी युनिव्हर्सिटीचा दंड वाचवला. हे कोणाच्या लक्षात येणार नाही.

जॉलीन म्हणाली, नवं घर बघायच्या आधी जुन्या घराची किल्ली देऊन आलास. बायको म्हणून चांगली आहे, पण खेळातलं तिला कळत नाही.

टेसला मात्र स्वतः सांगितलं. आमची एकुलती एक. आमच्याच संघात व्हॉलीबॉल खेळते, सेटर आहे, म्हणजे बाकीच्यांना मारायला चेंडू उचलून देणारी. यंदा चारांतलं तिसरं वर्ष. म्हणजे शेवटचं वर्ष ती मोठ्या कॉन्फरन्समध्ये खेळणार. बापाने पोरीला याहून काय द्यायचं? ती म्हणाली, तिथे आपण जिंकू का? काय एकेक प्रश्न.

१९ जुलै

सिनेटर व्हर्जिल लायकर यांच्या शेतावर गेलो. राज्याच्या अर्थ समितीचे अध्यक्ष, आणि आमच्याच युनिव्हर्सिटीचे माजी विद्यार्थी. गव्हाची कापणी उरकून कम्बाइन धूत होते. मी सगळा आराखडा मांडला: नवं जिम, प्रवासखर्च, टीव्ही. ते पाइप धरून ऐकत होते. म्हणाले, बोलावणं आण, मग पैशाचं बघू.

मनात म्हटलं, झालं काम.

२२ जुलै

सिल्व्हर प्लेन्सचे कमिशनर, म्हणजे त्या गटाचे प्रमुख, रँडल थॉर्नबरी यांना फोन. आवाजात वजन आहे. ते म्हणाले, राज्याचे पैसे आणा, मग बोलावण्याचं बघू.

२३ जुलै

रात्रभर विचार केला. ते म्हणतात आधी हे, हे म्हणतात आधी ते. सामान्य माणूस इथे हात टेकेल. मला त्यातली गंमत दिसली. दोघांनाही हवंच आहे, फक्त आधी कोणी म्हणायचं एवढाच संकोच आहे. मध्यस्थ हवा. तो मी.

संकल्प: १. चिडायचं नाही. २. रोज चालायला जायचं. ३. रूट बिअर बंद. नावालाच बिअर, नुसतं साखरेचं पाणी.

११ ऑगस्ट

कमिशनरसाहेबांना पत्र टाकलं होतं. त्यात शेवटी सहज लिहिलं की आमच्याकडे सप्टेंबरात होले, म्हणजे शिकारीची रानकबुतरं, फार उतरतात. ही माझी युक्ती. आमच्या भागात मोठे निर्णय ऑफिसात होत नाहीत, रानात होतात. चार वेळा फोन करून न सापडणाऱ्या माणसाचं उत्तर दुसऱ्या दिवशी हजर! पाहणीला येतो म्हणाले. एक सप्टेंबर.

गळ बरोबर लागलाय.

१ सप्टेंबर

पहिली पाहणी. ऐतिहासिक दिवस. साहेब उंच, गोरेगोमटे, बरोबर ज्युनो नावाची तपकिरी कुत्री. जिम त्यांनी उभ्या उभ्या पाहिलं. जाणकाराला तेवढं पुरतं. छत गळतं तिथे मी मुद्दाम उभा राहिलो होतो, तर माझ्या डोक्यावरून नजर पुढे गेली. मग विचारलं, इथे जवळ पाण्याचं तळं कुठे आहे? दूरदृष्टी बघा. युनिव्हर्सिटीचा विस्तार म्हटला की पाणी आलंच.

तळ्यावर संध्याकाळपर्यंत बसलो. होले पाण्यावर उतरत होते, साहेब टिपत होते, मी आमच्या सामन्यांना येणाऱ्या प्रेक्षकांची सरासरी सांगत होतो. दोनदा म्हणाले, जरा हळू. म्हणजे मुद्दे लिहून घेण्यासारखे होते.

जाताना माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाले, फार छान जागा आहे ही.

जॉलीनने होले साफ करून दिले. तिने कितीतरी वेळ नखं घासली.

२ सप्टेंबर

प्रेसिडेंटबाईंना तोंडी अहवाल. 'फार छान जागा' हे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्यांनी विचारलं, लेखी काही? शास्त्रज्ञांचं हे असंच.

५ ऑक्टोबर

सगळे मिळून चिडवताहेत. डिपार्टमेंटमध्ये कोणीतरी माझ्या दारावर होल्याचं चित्र चिकटवलं. काढलं नाही. मोठ्या माणसाने थट्टा पचवावी. दुपारी काढलं.

टेसचा संघ सुसाट सुटलाय. बफेलो ग्रासच्या पहिल्या तिनांत. चांगलं आहे, पण जे सोडून चाललो त्यात पहिलं येऊन करायचं काय?

२० ऑक्टोबर

महायोजना ठरली. नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, फेझंटच्या शिकारीचा पहिला दिवस. लांब शेपटीच्या या रानकोंबड्यांसाठी आमच्याकडे लोक लग्नाच्या तारखा पुढे ढकलतात. मोटेलं भरतात, चर्चमध्ये पहाटे शिकाऱ्यांना नाश्ता मिळतो. लायकरांच्या ज्वारीत यंदा पक्षी मुबलक आहेत. तिथे सिनेटर आणि कमिशनर, एका रानात, एका दिवशी! 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' जागच्या जागी मिटेल.

साहेबांना फोन केला. पहिल्या रिंगला उचलला. मोटेल मिळेना, म्हणून आमची पाहुण्यांची खोली देऊ केली. ज्युनोसकट.

२ नोव्हेंबर

कटकट. बफेलो ग्रासची फायनल नेमकी त्याच शनिवारी, आमच्याच जिममध्ये. टेसचा संघ फायनलला पोचलाय. समोर रिपब्लिकन व्हॅली कॉलेज. आमच्याच संघाने आपल्या पायात असं यावं?

टेसला समजावलं की हे सगळं तिच्यासाठीच चाललंय. ती बुटांच्या नाड्या बांधत होती. वर न बघता म्हणाली, "डॅड, तो माणूस पाखरं मारायला येतो. एवढंच."

तरुण पिढीला संबंध कसे जोडतात ते कळत नाही.

१४ नोव्हेंबर

दुसरी पाहणी. जमेल तसं लिहितो, बोटं अजून सुन्न आहेत.

पहाटे चर्चमध्ये नाश्ता, तिथे दोघांची ओळख करून दिली. सिनेटरनी ज्युनोच्या कानामागे खाजवलं आणि जमलंच. मग रानात. आमची पद्धत अशी की काही जण ज्वारीतून हाकारत चालतात आणि एक-दोघे शेताच्या दुसऱ्या टोकाला गप्प उभे राहतात, म्हणजे पक्षी पळून न जाता उडतात. लायकरांनी वाटणी केली. ते आणि कमिशनर चालणार. मी टोकाला. म्हणाले, टोकाला भरवशाचा माणूस लागतो.

शेत अर्धा मैल लांब. वारा असा की टोपी दोनदा शेजारच्या नेब्रास्का राज्याकडे निघाली. लांबून दोघं दिसायचे, शेजारी शेजारी, मान हलवत बोलताहेत. एक शेत झालं की दुसरं, मग तिसरं. मी प्रत्येक वेळी पिकअपने आधी टोकाला. एक शब्द ऐकू आला नाही. पण इतका वेळ दोन माणसं दुसरं काय बोलणार? आमच्याबद्दलच.

दुपारी लायकरबाईंनी बिरॉक केले होते, कोबी-खिमा भरलेले गरम पाव. मी विषय काढला. सिनेटर म्हणाले, डेल, जेवताना बजेट काढू नये रे, पोटाला बाधतं. कमिशनर मनापासून हसले. दोघांना एकाच गोष्टीवर हसू येतं. शुभशकुन.

संध्याकाळी जिमवर पोचलो तर फायनल आटोपली होती. जिंकले. करंडक आमचा. लोक फारसे नव्हतेच, सगळं गाव रानात. जॉलीन खुर्च्या घड्या करून ठेवत होती. टेस गळ्यात जाळीचा तुकडा, जिंकल्यावर कापून घेतात तो, अडकवून बसली होती. तिला म्हटलं, वा! आणि आज तिकडे काय झालं माहितेय? ती उठून कपडे बदलायला गेली.

दमली होती. पाच सेटचा सामना झाला म्हणतात.

१५ नोव्हेंबर

साहेब गेले. पाहुण्यांच्या खोलीतल्या उशीचं ज्युनोने पीस पीस केलंय. जॉलीन पिसं गोळा करतेय. उशी मी आणून देईन.

८ डिसेंबर

कमिशनर फोनवर सापडत नाहीत. हालचाली अंतिम टप्प्यात असल्या की असंच असतं. सिनेटरही नाही सापडले. दोघंही एकाच वेळी गप्प, म्हणजे ठरवून गप्प.

२५ डिसेंबर

कमिशनरसाहेबांचं ख्रिसमस कार्ड आलं. फोटोत ते, ज्युनो, आणि सिनेटर लायकर. ओळख कोणी करून दिली?

३० जानेवारी

गंमतच. जॉलीनला पेट्रोल पंपावर कमिशनर दिसले, लायकरांच्या पिकअपमध्ये. शिकारीच्या हंगामाचा शेवटचा शनिवार-रविवार. मला कळवलंसुद्धा नाही.

दुपारपर्यंत जरा वाईट वाटलं. मग उलगडा झाला. ही गुप्त पाहणी आहे. उमेदवाराला न कळवता करतात, म्हणजे खरं चित्र दिसतं. ताबडतोब जिमवर जाऊन सगळे दिवे लावून ठेवले, रात्री आठपर्यंत. कोणी आलं नाही. बाहेरून पाहून गेले असतील.

१८ फेब्रुवारी

टोपेका, राज्याची राजधानी. राज्याच्या अर्थ समितीसमोर सुनावणी. नवा सूट. प्रेसिडेंटबाईंना म्हटलं, तुम्ही फक्त बसा.

छान बोललो. नाव, पोरं, अनुदान, ओळीने सगळं. समिती शांतपणे ऐकत होती, एक जण तर डोळे मिटून. मग अध्यक्ष, म्हणजे लायकर, चष्मा काढून बोलले. चिडून नाही, उलट घरच्या माणसाशी बोलावं तसं.

"डेल, मी थॉर्नबरीला नोव्हेंबरातच स्पष्ट विचारलं होतं. ज्वारीतून चालताना. तो म्हणाला, पश्चिमेकडे वाढायचा आमचा काही विचार नाही, विमानतळाच्या जवळचं कोणीतरी घेणार. मग मीही त्याला सांगितलं की आमच्याकडे यंदा पैसे नाहीत. दोघांच्याही मनावरचं ओझं उतरलं बघ. तुला कोणी सांगितलं नाही का?"

मी म्हटलं, मी टोकाला उभा होतो.

हे समितीच्या कार्यवृत्तात नोंदलं गेलंय.

१९ फेब्रुवारी

काल घाईत लिहिलं. शांतपणे पाहिलं तर ही वाटाघाटीतली खेळी आहे. दोघंही भाव वाढवताहेत.

४ मार्च

सिल्व्हर प्लेन्सने नवा सभासद घेतला. विमानतळाजवळची एक युनिव्हर्सिटी. कमिशनरनी पेपरात म्हटलंय की इतर काही इच्छुकांच्या मागे त्यांचं राज्य उभं नव्हतं. आणि आमच्या समितीने अनुदान कापताना लिहिलंय की युनिव्हर्सिटीला कुठलंच बोलावणं नाही. एकमेकांकडे बोट दाखवायला दोघांना एकमेकांची ओळख असावी लागते. ती मी करून दिली. हे मी आज लिहितोय, पुन्हा वाचणार नाही.

आणि कापलं ते फक्त नव्या जिमचं नाही. आहे त्यातलंही.

९ मार्च

घाबरायचं कारण नाही. बफेलो ग्रासला फोन केला. शेवटी घर ते घर. म्हटलं, थोडा गैरसमज झाला होता, आम्ही राहतोच आहोत. तिकडच्या बाई फार गोड. म्हणाल्या, अहो डेल, तुमची जागा जानेवारीतच भरली. वेळापत्रकसुद्धा छापून झालं. प्रतीक्षा यादीत नाव टाकून ठेवू का?

म्हटलं, टाका.

१० मार्च

म्हणजे जुलैपासून आम्ही 'स्वतंत्र'. शब्द चांगला आहे. देश स्वतंत्र होतात तेव्हा बँड वाजवतात.

२१ एप्रिल

टेस जेवताना म्हणाली की ती शेवटच्या वर्षासाठी रिपब्लिकन व्हॅलीला जातेय. जॉलीनला आधीपासून माहीत होतं, तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

मी म्हटलं, ज्यांना हरवलं त्यांच्याकडे? आणि मी तुझ्यासाठीच एवढं.

तिने काटा खाली ठेवला. "डॅड, मला मोठी कॉन्फरन्स नको होती. मला पुढच्या वर्षी कोणाशी तरी खेळायचंय. तुझ्याकडे एकही मॅच नाही."

मी म्हटलं, वेळापत्रकाचं काम जोरात चालू आहे. जॉलीन म्हणाली, डेल, पुरे.

रूट बिअर परत सुरू.

१७ मे

प्रेसिडेंटबाईंनी बोलावलं. क्रीडा संचालक म्हणून टेनिसच्या कोचना नेमलंय, तात्पुरतं. माझ्याकडे फक्त वेळापत्रक. सगळ्यात अवघड काम सगळ्यात अनुभवी माणसाला दिलं. ऑफिस जरा लहान आहे, शेजारी टॉवेलांची खोली. उबदार असतं.

बाई चांगल्या वागल्या. मला बोलू दिलं, मध्ये तोडलं नाही. शेवटी इतकंच म्हणाल्या की व्हॉलीबॉलच्या आणखी चार मुली जाताहेत.

२६ जून

रोज फोन. नमस्कार, वेस्टर्न प्रेअरी स्टेट, तुमच्याकडे एखादी मोकळी तारीख? सगळे सभ्य आहेत. सगळ्यांच्या तारखा भरलेल्या आहेत. दोन ठिकाणी म्हणाले, तुम्ही या, पण आमच्याकडेच यावं लागेल, बसचं तुम्ही बघा. होय म्हटलं. आमच्या जिममध्ये यायला कोणी तयार नाही. इथून विमानतळ लांब आहे, हे आता मला सगळे जण सांगतात.

रिपब्लिकन व्हॅलीच्या कोचबाईंना तिसऱ्यांदा ईमेल केला. या वेळी मुद्दे क्रमांक घालून दिले.

२ ऑगस्ट

रिपब्लिकन व्हॅलीचा होकार! अकरा सप्टेंबर, आमच्या जिममध्ये. मुद्देसूद लिहिलं की समोरचा वळतो. घरच्या मैदानावरचा एक सामना पदरात पडला, आता रांग लागेल. टेसला फोन करून बातमी दिली. तिला आनंद झाला असावा, कारण लगेच म्हणाली, आईला फोन दे.

६ सप्टेंबर

रांग लागली नाही. पण हजेरीचा उच्चांक करायचा. चर्चमध्ये जाहीर केलं, शेतकऱ्यांच्या कोऑपरेटिव्हमध्ये पत्रक लावलं, जिमचं छत मी स्वतः शिडी लावून डांबराने बुजवलं.

११ सप्टेंबर

सामना झाला.

कोचबाई बसमधून उतरल्या तेव्हा मी आभार मानले आणि म्हटलं, माझ्या तिसऱ्या ईमेलने तुमचं मत बदललं ना? त्यांना आधी कळेना. मग म्हणाल्या, ईमेल? टेसने मागितली ही मॅच. आईबापांसमोर एकदा खेळायचं म्हणाली. आमच्या वेळापत्रकात ती धरलेली नाही, सराव म्हणून आलोय.

लोक आले होते. खालच्या रांगा भरल्या. आमच्या मुलींपैकी निम्म्या पहिल्या वर्षाच्या, एक तर बास्केटबॉलमधून उसनी. टेस पहिला सेट खेळली. काय खेळली! चेंडू तिच्या बोटांना लागायचा आवाजसुद्धा येत नाही. हे मी इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा नीट पाहिलं. एरवी मी वर लोक मोजत असतो. दुसऱ्या सेटपासून तिला बसवून ठेवलं. मी जॉलीनला विचारलं, तिला दुखापत झाली की काय? ती म्हणाली, न धरायच्या मॅचमध्ये चांगल्या खेळाडूला कोण दमवतं?

तीन सेटमध्ये हरलो.

हात मिळवायची रांग लागली तेव्हा आमच्या बाजूने मीही शेवटी जाऊन उभा राहिलो. ती प्रत्येकीला छान खेळलीस, छान खेळलीस म्हणत आली. माझ्यापाशी आली आणि तिचा हात माझ्या हातात तसाच राहिला.

"डॅड, जेवलास का?"

म्हटलं, हो. जेवलो नव्हतो.

बस निघायच्या आधी कोचबाईंना गाठून पुढच्या वर्षीची तारीख मागितली. आमचं अजून काही ठरलं नाहीये, कुठलीही चालेल म्हटलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"डेल, पुढच्या वर्षी टेस नसेल."

मग आत येऊन जॉलीनबरोबर खुर्च्या घड्या केल्या.